कुणाच्या डावीकडून?

वाळूजला जिग-फिक्स्चर, म्हणजे काम करताना भाग मशीनवर नेमका धरून ठेवणारी साधनं, बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी २००६ साली डिझाइन इंजिनिअर म्हणून लागले. परभणीकडच्या खेड्यातून आलेली, डिग्री नुकतीच हातात पडलेली. तिथलं ड्रॉइंग ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडला लागून काढलेली एक खोली. मधे काच, काचेपलीकडे शॉप, म्हणजे मशीनं चालतात ती जागा. खोलीत दोन कॉम्प्युटर, कोपऱ्यात उभा करून ठेवलेला जुना ड्रॉइंग बोर्ड, आणि नाना.

नाना आमचे ड्राफ्ट्समन, इंजिनिअरच्या स्केचवरून पक्कं ड्रॉइंग काढणारे. आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा कोर्स करून ते ऐंशीच्या दशकात गंगापूरकडून इथं आले. बजाजचा प्लांट १९८५ साली वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग, प्रेस टूल, फिक्स्चर करणारी लहान-लहान युनिटं उभी राहिली. नानांची सगळी उमर त्या युनिटांत गेली. मिनी-ड्राफ्टर, रोट्रिंगचा पेन, ट्रेसिंग पेपर, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास, हे सगळं त्यांनी केलेलं. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची, मग ती जागा नखानं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर त्यावर पुन्हा मारलेली शाई पसरते, असं ते सांगायचे. एका चुकीला अर्धा तास. त्यामुळे रेघ मारायच्या आधी विचारून घ्यायची त्यांना सवय होती. कॉम्प्युटर आल्यावर चूक पुसायला एक क्षण पुरू लागला, तरी नानांची विचारायची सवय गेली नाही.

आणि मला सुरुवातीला त्याच सवयीचा त्रास व्हायचा.

मी कागदावर स्केच काढून द्यायची, तोंडी सांगायची, पुढच्या कामाला लागायची. दहा मिनिटांत खुर्ची माझ्याकडे वळायची. "मॅडम, हे भोक आरपार का ब्लाइंड?" परत दहा मिनिटांनी, "मॅडम, ही प्लेट वेल्ड करायची का बोल्टनं बसवायची? वेल्ड करणार असाल तर मशीनिंग आधी का नंतर?" वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मला मॅडम म्हणायचे. त्या मॅडमपणात मी स्वतःला फार मोठी समजत होते. एके दिवशी डोकं भणभणलेलं असताना मी बोलून गेले, "नाना, प्रत्येक गोष्ट विचारायलाच हवी का? थोडं आपलं आपण बघा ना."

ते काही बोलले नाहीत. खुर्ची परत वळवून कामाला लागले.

त्याच आठवड्यात दुचाकीच्या एका ब्रॅकेटचं ड्रिलिंग फिक्स्चर आलं. ब्रॅकेट जोडीचं, डावं आणि उजवं, एकमेकांचं आरशातलं रूप. गिऱ्हाइकाला आधी डावं हवं होतं. मी एका जुन्या प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या बाजूवर स्केच काढलं, वर लिहिलं 'एलएच', म्हणजे लेफ्ट हँड, डावं, आणि नानांच्या टेबलावर ठेवून शॉपमध्ये निघून गेले. नानांनी दोन दिवसांत ड्रॉइंग पूर्ण केलं. मी वरवर नजर टाकून सही केली. पंचवीस मिलिमीटरची बेस प्लेट कापली गेली, ग्राइंड झाली, डॉवेलची भोकं पडली, लोकेटर पिना हार्डन होऊन आल्या. फिक्स्चर मशीनवर चढलं.

सेटरनं ब्रॅकेट बसवायला घेतलं. बसेना. फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग त्यानं बाजूच्या ट्रेमधलं उजवं ब्रॅकेट उचलून ठेवलं. ते टक् आवाज करून जागेवर बसलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

गाडीच्या भागांत डावं-उजवं ठरतं ते सीटवर बसलेल्या माणसाकडून. मी स्केच काढलं होतं मशीनसमोर उभं राहून ब्रॅकेटकडे पाहणाऱ्या ऑपरेटरच्या नजरेनं. 'एलएच' ही दोन अक्षरं दोन्हीकडे बरोबर होती. फक्त डावं कुणाचं, ते कागदावर कुठंच नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं, आणि नानांना माझ्या डोक्यात शिरायला वाट नव्हती. नवी प्लेट कापावी लागली, पिना पुन्हा कराव्या लागल्या, माल आठ दिवस लांबला. मालक रागावले ते नानांवर, कारण 'ड्रॉन', म्हणजे कुणी काढलं, या रकान्यात त्यांचं नाव होतं. 'अप्रूव्ह्ड'मध्ये माझं होतं, ते मी मालकांना सांगितलं. पण सांगायला एक दिवस उशीर केला, आणि तो दिवस नानांनी मान खाली घालून काढला. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी मी फाईल उघडून माझं स्केच शोधलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं, अगदी फिकट, नानांच्या हातचं लिहिलेलं होतं: 'एलएच – कुणाकडून?'

प्रश्न त्यांना पडला होता. विचारला नव्हता. थोड्याच दिवसांपूर्वी मीच तो त्यांच्या तोंडातून काढून घेतला होता.

त्या पेन्सिलीच्या अक्षरांनी मला माझ्या धंद्याबद्दल कॉलेजनं न शिकवलेली एक गोष्ट शिकवली. इंजिनिअरला मोघम राहता येतं. 'साधारण इथं एक सपोर्ट', 'गरजेप्रमाणे क्लिअरन्स', 'मजबूत ठेवा', अशी वाक्यं बोलून तो उठू शकतो. ड्राफ्ट्समनला ती सोय नाही. रेघ काढायची म्हणजे ती कुठंतरी सुरू होणार आणि कुठंतरी संपणार. साधारण नावाची रेघ नसते. म्हणून डिझाइनमध्ये जिथं जिथं काही ठरवायचं राहून गेलंय, तिथं सगळ्यात आधी ठेच लागते ती त्याला. त्यानं विचारलं आणि उत्तर मिळालं तर ठीक. विचारायची सोय नसेल तर तो अंदाज करतो, करावाच लागतो, कारण चारच्या आत शॉपमध्ये प्रिंट हवी असते. आणि एकदा का तो अंदाज कागदावर उतरला की संपलं. हिशेब करून काढलेलं ४२ आणि अंदाजानं टाकलेलं ४२, दोन्ही सारखेच दिसतात. एकाच जाडीची रेघ, एकाच उंचीचा आकडा. टर्नरला, सेटरला, इन्स्पेक्टरला कुणालाच कळायला मार्ग नाही की यातलं कोणतं माप कुणी ठरवलंय आणि कोणतं नुसतं पडलंय.

याची मोठी किंमत मोजल्याचं एक उदाहरण जगातल्या इंजिनिअरांना शिकवतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलात लॉबीवर लटकते पूल होते. दुसऱ्या मजल्यावरचा पूल बरोबर चौथ्या मजल्यावरच्या पुलाखाली. मूळ कल्पना अशी की छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांना धरेल. पण वरचा पूल सळईच्या मधेच नटवर टेकवायचा तर एवढ्या लांब सळईवर आटे पाडायचे आणि ते काम होईपर्यंत जपायचे, हे फॅब्रिकेटरच्या दृष्टीनं जिकिरीचं. त्याची अडचण खरी होती. म्हणून शॉप ड्रॉइंगमध्ये एका सळईच्या दोन झाल्या. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. विहिरीत सोडलेल्या एकाच दोराला दोघं वर-खाली लटकले तर ज्याचे त्याचे हात ज्याचं त्याचं ओझं धरतात. खालचा माणूस वरच्याच्या कमरेला धरून लटकला तर वरच्याच्या हातांवर दोघांचं ओझं येतं. तसंच झालं. वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. ड्रॉइंग इंजिनिअरच्या कचेरीतून मंजूर होऊन आलं होतं. बदलाबद्दल फोनवर बोलणं झालं होतं की नाही, यावर दोन्ही बाजू पुढं वेगवेगळं सांगत राहिल्या. १७ जुलै १९८१च्या संध्याकाळी नाच चालू असताना पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमची चुकलेली बेस प्लेट डोळ्यांपुढं आली. आमची प्लेट भंगारात गेली, कुणाला खरचटलंही नाही. पण चूक जन्मते ती जागा तीच होती. एका टेबलाहून दुसऱ्या टेबलाकडे कागद गेला, आणि त्याबरोबर बोलणं गेलं नाही.

ती पेन्सिलीची अक्षरं सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नानांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, व्हतं असं." मग थोडं थांबून, "पण एक करा. माणूस कुठं बसलाय तेवढं काढत जा." तेव्हापासून आमच्या प्रत्येक स्केचवर ऑपरेटर उभा असतो. एक गोल डोकं, खाली दोन पावलं, पावलांची बोटं मशीनकडे. गाडीचा भाग असेल तर एक बाण आणि 'स्वाराचा समोर'. नानांनी तो माणूस असा काही दोन फटक्यांत काढला होता की मी आजही तसाच काढते.

आणि मी मोरे चौकातल्या दुकानातून दोनशे पानी लाँगबुक आणलं. डाव्या पानावर नानांनी प्रश्न लिहायचा, उजव्या पानावर मी उत्तर, खाली तारीख. तोंडी उत्तर चालणार नाही, हा नियम मी माझ्यासाठीच केला, कारण तोंडी उत्तर देताना मी विचार न करता बोलते हे मला कळलं होतं.

ती वही आज माझ्यासमोर उघडी आहे. 'टॅपची खोली २० आणि ड्रिलची पण २०. टॅप तळाला कसा पोचणार?' बरोबर आहे, आटे पाडणाऱ्या टॅपच्या टोकाला आटे उतरते असतात, ड्रिल नेहमी खोल हवं. 'एम ८चा ॲलन बोल्ट दिलाय, ६ची चावी फिरायला जागा कुठाय?' 'आतल्या कोपऱ्याला रेडियस नाही. कटर गोल असतो.' हा शेवटचा प्रश्न मी किती तरी नव्या इंजिनिअरांना दाखवलाय. दोन शब्दांत सगळं मिलिंग सांगून टाकलंय नानांनी.

एक पान मात्र पूर्ण लिहून काढण्यासारखं आहे. एका पट्टीला ओळीनं सहा भोकं होती, प्रत्येकी वीस मिलिमीटरच्या अंतरावर. मी स्केचमध्ये पाच वेळा '२०' लिहून मोकळी झाले होते. नानांनी लिहिलं: 'असं दिलं तर शेवटचं भोक कुठंपण जाईल. टेकवणार कुठं?' मी हिशेब मांडला. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वेगळा दिला नसेल तर आयएस २१०२ या भारतीय मानकाच्या मध्यम वर्गात वीसच्या मापाला ०.२ कमी-जास्त चालतं. पाच अंतरं एकामागे एक लावली तर पहिल्या भोकापासून सहावं भोक एक मिलिमीटर इकडे नाहीतर तिकडे सरकू शकतं, आणि तरी प्रत्येक माप 'ओके'च. तेच पहिलं भोक मूळ धरून २०, ४०, ६०, ८०, १०० अशी मापं दिली की शंभरच्या मापालाही ०.३ची मोकळीक, त्याहून जास्त नाही. पट्टी तीच, भोकं तीच. फरक एवढाच की माप कुठून मोजायचं हे कुणीतरी ठरवलं. 'टेकवणार कुठं?' हे नानांचं आवडतं वाक्य. डेटम, म्हणजे मापं जिथून मोजायची ती जागा, हा शब्द मी चार वर्षं पाठ केला होता, पण त्याचा अर्थ मला या दोन शब्दांनी कळला. कारागीर जॉब हातात घेतो तेव्हा तो कुठंतरी टेकवूनच पुढं मोजतो.

माझ्या वडिलांनी गावच्या सुताराकडून तिफण करून घेतली तेव्हा मी लहान होते. बाभळीचं लाकूड आमचं, हात त्याचे. कागदाचा पत्ता नाही. पण वडील अख्खा दिवस त्याच्यापाशी बसून होते. सुतार वाकस चालवता चालवता विचारायचा, कोणत्या रानात चालवायची, काळ्या का मुरमाड? बैल केवढाले हायेत? फण जरा उतरता ठेवू का? वडील सांगायचे, बोटांनी अंतर दाखवायचे, तो तिथंच खूण करायचा. प्रश्न आणि लाकूड यांच्यात एक हाताचं अंतर. कारखान्यात ते अंतर वाढतं. मधे काच येते, मग मजला येतो, मग शहर येतं. आज माझं निम्मं ड्राफ्टिंग शेंद्र्याच्या एका ऑफिसात होतं, निम्मं पुण्यात. तिथं डिप्लोमा झालेली पोरं-पोरी कंत्राटावर बसलेली असतात, ज्यांनी आमचं शॉप कधी पाहिलेलं नाही. त्यांना मी स्केचचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते, त्यांच्याकडून पीडीएफ येते. वडिलांसारखं शेजारी बसणं आता होत नाही.

लोक म्हणतात, थ्रीडी मॉडेल आलं, आता ड्राफ्ट्समनचं काय काम? मॉडेलमधून व्ह्यू आपोआप पडतात, हे खरं. मापं मॉडेललाच चिकटवायची पद्धतही आली, तिचं अमेरिकन मानक २००३ सालचं आहे. पण मॉडेलमधलं भोक नेमकं २५.०००चं असतं. शॉपमध्ये तसं भोक कुणाच्या बापाला पाडता येत नाही. ते २५.०००पासून २५.०२१पर्यंत चालेल, म्हणजे एच ७ हा काटेकोर टॉलरन्स, की नुसतं ड्रिल मारून भागेल, हे मॉडेल सांगत नाही. ते कुणीतरी विचारावं लागतं. न विचारता जुनी फाईल उघडून 'सेव्ह ॲज' केलं की काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. बोल्ट आरपार जायच्या नऊच्या भोकाला एच ७ लागून येतो, आणि जिथं ड्रिल पुरलं असतं तिथं माणूस भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर घेऊन बसतो. साध्या एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, तुकड्यावर 'हार्डन ५८-६० एचआरसी' ही कडकपणाची आधीच्या ड्रॉइंगची टीप तशीच राहते, आणि हीट ट्रीटमेंटवाला फोन करून विचारतो, यात कार्बनच नाही, कडक काय करू?

आणखी एक सांगते, कारण यात चूक बहुतेक वेळा आम्हा इंजिनिअरांची असते. चेकिंगची आमची पद्धत अशी की बरोबर मापावर पिवळी पेन्सिल, चुकीवर लाल पेन. मी लाल पेननं गोल करायची आणि नवा आकडा लिहायची. का, ते लिहायची नाही. नाना तो आकडा बदलायचे, पण त्याच्यावर अवलंबून असलेली दुसरी तीन मापं तशीच राहायची, कारण बदल का केला ते माहीत नसेल तर ओढ कुठवर जाते हे कसं कळणार? 'शाफ्ट ३०चा झाला म्हणून' एवढे चार शब्द लाल पेननं लिहिले असते तर त्यांनी बेअरिंगची बसकही आपणहून बदलली असती. नुसता आकडा दिला की समोरचा माणूस फक्त हात होऊन राहतो.

नाना २०१४ साली निवृत्त झाले. शेवटपर्यंत मला मॅडमच म्हणाले. वही मला देऊन गेले.

मागच्या महिन्यात एका नव्या ड्राफ्ट्समन मुलीला दाखवायला म्हणून मी ती काढली, तर मधेच एक पान सापडलं, डावीकडे प्रश्न आणि उजवी बाजू कोरी. २०११ची तारीख. 'या गोल कव्हरला सहा बोल्ट कामून? आत तेल नाही, दाब नाही.' तेव्हा मी उत्तर का लिहिलं नाही, ते मला आठवतंय. हा प्रश्न ड्रॉइंगचा नव्हता, डिझाइनचा होता, आणि डिझाइन माझं होतं. तो त्यांनी विचारायचा नाही, असं माझ्या मनात कुठंतरी होतं.

मी बसून हिशेब केला. ते धूळ अडवायचं पत्र्याचं कव्हर. एम ६चे तीन बोल्ट पुरून उरतात. उजव्या पानावर तसं लिहिलं, आजची तारीख घातली, आणि संध्याकाळी नानांना गावी फोन लावला. कापूस वेचून नुकतेच घरी आले होते. मी म्हटलं, "नाना, तुमचा एक प्रश्न राहिला होता." कव्हरचं सांगितलं. त्यांना चटकन आठवलं.

"तीनच? मंग सहा कुठून आले व्हते मॅडम?"

"जुन्या ड्रॉइंगमधून घेतले होते मी. शहाण्णवचं होतं, तुमच्या आधीच्या साहेबांच्या वेळचं."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मागं कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"ते तर मीच काढलेलं," नाना म्हणाले. "बोल्ट किती ते सायबांनी सांगितलंच नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून मी सहा टाकले."